साच्यांच्या गावात मूकपट

शुक्रवार

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळानं छोटा महोत्सव भरवला होता, आणि त्यात शनिवारी संध्याकाळी दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ पेटी-तबल्याच्या साथीनं दाखवणार होते. मावशीचा फोन आला, “तुझ्याच आवडीचं काहीतरी आहे बघ, ये की.” मूकपट साथीसह बघायला मिळणं पुण्यातही दुर्मीळ आहे. तिकीट काढलं आणि संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडली. सोलापूरच्या चार हुतात्म्यांची आठवण म्हणून या गाडीला हे नाव आहे. डब्यातली निम्मी माणसं मराठीत बोलता बोलता कानडीत शिरतात, फोन आला की तेलुगूत उत्तर देतात आणि चहावाल्याशी दखनी हिंदीत बोलतात. सोलापूर जवळ आल्याची खूण मला कुर्डुवाडीच्या आधीच पटते ती अशी.

रात्री मावशीनं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पुढ्यात ठेवलं. काका अनेक वर्षं गिरणीत साचाखात्यात, म्हणजे साच्यांवर (मागांवर) कापड विणायच्या खात्यात होते. गिरणी बंद पडून किती काळ लोटला, तरी पहाटे भोंग्याच्या वेळेला त्यांना जाग येतेच. “उद्या सकाळी किल्ल्यात फिरायला जाऊ, मग बाकीचं,” म्हणाले.

शनिवार

भुईकोट किल्ल्याची बाग सोलापूरकरांच्या रोजच्या जगण्यातली आहे. बहामनी काळातला दुहेरी तटाचा किल्ला, बाहेर खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव आणि आत झाडं, हिरवळ, फिरायच्या वाटा. सकाळी इथे निवृत्त शिक्षक असतात, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं असतात, कानडीत भजन गुणगुणणाऱ्या आज्या असतात. बुरुजावर चढलं की तलावातलं सिद्धेश्वराचं देऊळ समोर येतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी कानडीत वचनं रचली ती याच गावात. जानेवारीत संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा पांढऱ्या बाराबंदीतले भक्त नंदीध्वज पेलून निघतात आणि जवळच्या होम मैदानावर पाळणे, दुकानं, खेळ यांची दाटी होते.

बुरुजावरच काकांनी तंबू सिनेमाची गोष्ट काढली. त्यांचं गाव मोहोळ तालुक्यात. लहानपणी जत्रेत तंबू यायचा. मधोमध कापडी पडदा, अलीकडे जमिनीवर बसलेली माणसं आणि पलीकडच्या बाजूलाही माणसं. पलीकडून चित्र उलटं दिसायचं, म्हणून तिथलं तिकीट कमी. “नायक डाव्या हातानं तलवार मारायचा आमच्या बाजूला. आम्हाला वाटायचं, तो डावखुराच आहे.” तोवर बोलपट येऊन जुने झाले होते. पण मूकपटाच्या काळात जत्रांमधून हिंडणाऱ्या तंबूंनीच या देशात सिनेमा गावोगाव नेला. मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ ला ल्यूमिएर बंधूंचा खेळ झाला तो मोजक्या लोकांसाठी. बाकीच्या देशानं सिनेमा मैदानात बसून पाहिला, धुळीत, लेकरंबाळं मांडीवर घेऊन. म्हणून मोकळी जागा आणि मूकपट यांचं नातं मला फार जुनं आणि खरं वाटतं, आणि किल्ल्याची ती सपाट हिरवळ बघताना मी मनातल्या मनात पडदा कुठे लागेल ते शोधत होते.

उतरून भैय्या चौकाकडे गेलो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर आता स्मारक आहे. सोलापूरचा हा मुलगा १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला, युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेला. घर शांत आणि नीटनेटकं ठेवलेलं आहे. भिंतींवरचे फोटो सावकाश बघावेत असे आहेत.

मला तिथे उभं राहून व्ही. शांताराम आठवत होते. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा १९४६ चा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला आणि कोटणिसांची भूमिकाही स्वतःच केली. लगेच १९४७ मध्ये त्यांच्याच राजकमल या चित्रसंस्थेचा ‘लोकशाहीर राम जोशी’ आला. राम जोशी हेही सोलापूरचेच, मराठीबरोबर संस्कृत, कानडी लीलया खेळवणारे शाहीर. त्या चित्रपटाच्या दिग्दर्शनात नाव आहे बाबूराव पेंटर यांचं. बाबूराव म्हणजे शांतारामांचे गुरू. कोल्हापुरात त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, स्वदेशी कॅमेरा तयार केला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट दिला, आणि त्याच सुमाराला पोरवयातले शांताराम त्यांच्याकडे पडेल ते काम करायला लागले. मूकपटाच्या शाळेत घडलेले हे गुरुशिष्य पुढे बोलपटात पुन्हा एकत्र आले ते एका सोलापूरकराच्या गोष्टीसाठी. लागोपाठच्या दोन वर्षांत राजकमलनं दोन सोलापूरकर पडद्यावर आणले, हे इथल्या कितीजणांना ठाऊक असेल? स्मारकात त्या दिवशी आलेल्या शाळकरी मुलांना मी सांगितलं, तर त्यांच्या बाईंनी वहीत टिपून घेतलं. बरं वाटलं.

दुपार भागवत टॉकीजच्या बाजूला गेली. एकाच आवारात उमा मंदिर, छाया मंदिर, कला मंदिर असे पडद्यामागून पडदे. मल्टिप्लेक्स हा प्रकार येण्याच्या कितीतरी आधी सोलापूरकरांना ही चैन होती. मावशी सांगत होती, पाळी सुटली की गिरणीतली माणसं डब्यासकट थेट तिकिटाच्या रांगेत. शशिकला या गावात जन्मल्या, फैयाज इथल्याच, जब्बार पटेल इथल्या हरिभाई देवकरण प्रशालेत शिकले आणि आज पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंबद्दल तर वेगळं सांगायला नको. सिनेमावर एवढं प्रेम करणारं गाव कापडाच्या धंद्यातच असावं, याचा उलगडा मला त्याच संध्याकाळी झाला.

सभागृह लहान, पंखे मोठ्या आवाजाचे. ते बंद करायला लावले. पेटीवर एका भजनी मंडळातले वयस्कर गृहस्थ, तबल्यावर त्यांचा नातू. आणि पडद्याच्या बाजूला तीन विद्यार्थी उभे, हातात कागद. मूकपटात मजकुराच्या पाट्या येतात. त्या काळात एकेका पाटीवर तीन-तीन, चार-चार भाषा लिहीत, आणि तरी वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवी. या पोरांनी तीच रीत धरली होती. पाटी आली की एकजण मराठीत, दुसरी कानडीत, तिसरा तेलुगूत म्हणायचा. पहिल्या चार-पाच पाट्यांना थोडी गडबड झाली, मग लय बसली. माझ्या पुढच्या रांगेतल्या पद्मशाली आजी तेलुगू ओळ येईपर्यंत मान तिरपी करून थांबायच्या आणि ती आली की शेजारणीला कोपरानं ढोसायच्या.

‘कालिया मर्दन’ १९१९ चा. कृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय सात. चित्रपट सुरू होतो तो गोष्टीनं नव्हे. आधी पडद्यावर नुसती मंदाकिनीच येते, आणि तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. हसू, रुसवा, राग, रडू. मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू मुकुट आणि मोरपीस उगवतं आणि पोरीचा कृष्ण होतो. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी बापानं मुलीला कॅमेऱ्यासमोर बसवून प्रेक्षकांना सांगितलं की बघा, ही माझी लेक आहे, आणि आता ती देव होणार आहे. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू आली असती. पेटीवाल्या आजोबांची नजर शेवटपर्यंत पडद्यावरून हलली नाही. बोटं आपोआप सूर शोधत होती. कृष्णानं झाडावरून डोहात उडी घेतली तेव्हा त्यांनी भाता सोडून दिला. नुसता तबला राहिला. पाण्याखाली नागाशी झुंज, काठावर रडणारी माणसं, पुन्हा पाणी, पुन्हा काठ. कृष्ण फण्यावर उभा राहून वर आला आणि आजोबांनी पेटी अशी काही भरून वाजवली की मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या.

बाहेर पडताना काका गप्प होते. चौकात आल्यावर म्हणाले, “आम्ही साच्यावर असंच बोलायचो.” मग तिथेच, दिव्याखाली, करून दाखवलं. साचाखात्यात शेकडो साचे एकदम चालायचे, धोटे आपटायचे, कानाशी ओरडलं तरी कळायचं नाही. म्हणून सगळं ओठांवरून आणि हातांवरून. दोन बोटं ओठाला म्हणजे विडी. तळहात उलटा करून फिरवला म्हणजे जॉबर, खात्यातला मुकादम, येतोय. मनगटावर टिचकी म्हणजे पाळी सुटायला किती वेळ. “तेलुगू माणूस, कानडी माणूस, मुसलमान, मराठी, सगळ्यांची बोली तीच. आणि त्या पोरीचं तोंड बघून मला एकही पाटी लागली नाही.”

जगभरच्या कापड गिरण्यांत कामगार असेच खुणांनी बोलत आले आहेत, हे मी वाचलं होतं. पण ते वाचणं आणि काकांची ती बोटं बघणं यात फार अंतर आहे. ज्या गावानं दिवसाचे आठ-आठ तास चेहरे वाचले, त्या गावाला मूकपट परका कसा असेल?

रविवार

सकाळी हुतात्मा बाग. पार्क चौकाजवळची ही बाग सगळ्यांची आहे. तिकडे मुलं घसरगुंडीवर, इकडे म्हातारे बाकावर, आणि संध्याकाळी बाहेर खाण्याच्या गाड्यांवर झुंबड. नाव मात्र ज्यांच्यामुळे पडलं ते चौघे फासावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१, येरवडा. त्याच्या आदल्या वर्षी, १९३० साली, सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला, मे महिन्यात गाव पेटलं आणि सरकारनं इथे लष्करी कायदा लावला.

याच १९३० साली प्रभात फिल्म कंपनीचा एक मूकपट आला. शांतारामांनी तो दिग्दर्शित केला आणि शिवाजीही तेच झाले. नाव ठेवलं होतं ‘स्वराज्य तोरण’. सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्दच खपला नाही. नाव बदलून ‘उदयकाल’ करावं लागलं आणि शेवटी शिवाजी किल्ल्यावर झेंडा चढवतो त्या दृश्यालाही कात्री लागली. त्याआधी १९२१ मध्ये ‘भक्त विदुर’वर कराची आणि मद्रासमध्ये बंदी आली होती, कारण विदुर गांधींसारखा दिसत होता. आवाज नसलेल्या चित्राला सरकार घाबरत होतं. एका गावात इमारतीवरचा झेंडा सलतोय आणि त्याच वर्षी पडद्यावरचाही झेंडा सलतोय, या दोन गोष्टी एकत्र ठेवून सांगायला हुतात्मा बागेइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. मी काकांना बाकावर बसवून हे सगळं सांगितलं. शेजारचे दोघे-तिघे फिरायला आलेले सरकून जवळ आले. एकानं विचारलं, “मग तो पिच्चर बघायला मिळेल का?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला जड जातं. १९१३ ते १९३४ या काळात भारतात सुमारे १३०० मूकपट तयार झाले. आज हाताशी आहेत ते तीसेक, त्यातले बरेचसे तुकड्यांत. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई आणि दमट हवेत कुजून जाई. शिवाय त्यात चांदी असते. बोलपट आल्यावर मूकपटाला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा कितीतरी रिळं जाळून, त्यातली चांदी काढून विकली गेली. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी पदरमोड केल्यासारखं आयुष्य घालून जे वाचेल ते वाचवलं. फाळक्यांच्या चित्रपटांचा जो अंश आपण बघतो तो त्यामुळे.

तिथून जुनी मिल कंपाउंडकडे वळलो, कारण मला काकांना आणखी एका हरवलेल्या मूकपटाबद्दल तिथेच उभं राहून सांगायचं होतं. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’. राजे आणि देव सोडून त्यांनी शेतकऱ्याची गोष्ट घेतली. सावकार जमीन गिळतो आणि तो शेतकरी शहरात येऊन गिरणी कामगार होतो. तरुण शेतकरी झाले होते शांताराम. अंधारी झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं, या दृश्याबद्दल ज्यांनी पाहिलं त्यांनी लिहून ठेवलं आहे. फिल्म उरलेली नाही. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची, म्हणजे मोठ्या दुष्काळाच्या ऐन काळातली. आजूबाजूच्या कोरडवाहू तालुक्यांतून माणसं या गावात कशी आली, ते सोलापूरच्या प्रत्येक तिसऱ्या घराला माहीत आहे. काकांचे आजोबा असेच आले. “जमीन सावकाराकडेच गेली आमची,” एवढंच म्हणाले आणि कंपाउंडच्या भिंतीकडे बघत राहिले. ही त्यांच्या घरची गोष्ट पडद्यावर येऊन गेली होती, आणि ती बघायची सोय आता कुणालाच नाही. मूकपट जपायचे का, यावर अभ्यासकांनी खूप लिहिलं आहे. मला ते सगळं त्या भिंतीपाशी जास्त कळलं.

संध्याकाळी विजापूर रस्त्याला धर्मवीर संभाजी तलावावर गेलो. जुनी माणसं त्याला अजून कंबर तलावच म्हणतात. जवळच्या स्मृतिवनात झाडी चांगली वाढली आहे, पक्षी आहेत, पण सिनेमाच्या दृष्टीनं जागा गावापासून लांब. परतीला रिक्षा मिळायची मारामार होईल. ती यादीतून काढली.

हो, यादी, उघड्यावर मूकपट दाखवता येईल अशा जागांची. कारण शनिवारच्या खेळानंतर चित्रपट मंडळातली मुलं माझा नंबर घेऊन गेली होती, आणि रविवारी रात्री ती मावशीकडे जेवायला आली. मी त्यांना पोर्देनोनेबद्दल सांगितलं. इटलीच्या ईशान्येकडचं सुमारे ५० हजार वस्तीचं गाव, तिथेही कधीकाळी कापसाच्या गिरण्या होत्या. १९८२ साली तिथल्या काही वेड्या माणसांनी फक्त मूकपटांचा महोत्सव सुरू केला आणि आता दर ऑक्टोबरात जगभरचे अभ्यासक तिथे जमतात. इटलीतल्याच बोलोन्यात तर उन्हाळ्यात भर चौकात मोठा पडदा लावून जुने चित्रपट दाखवतात, गावकरी खुर्च्या पकडायला लवकर येतात. आणि १९२९ चा ‘प्रपंच पाश’, हिमांशू राय यांचा, राजस्थानात चित्रित झालेला, २००७ साली लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात उघड्यावर दाखवला गेला, तोही वाद्यवृंदाच्या जिवंत साथीनं. आपला मूकपट लंडनच्या चौकात बसून हजारो लोक बघतात, तर पार्क चौकात का नाही?

तेलुगू पाट्या वाचणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, पण लोक येतील का?” त्याच्या ताटात शेंगापोळी वाढत मावशी म्हणाली, “काल ती म्हातारी तुझ्या तोंडाकडे बघत होती, तू बघितलं नाहीस का?”

सोमवार

माझी गाडी दुपारची. सकाळी सगळे पुन्हा हुतात्मा बागेत जमलो, या वेळी मोजायची टेप घेऊन.

किल्ल्याची बाग मला मनापासून हवी होती, पण तो पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतला किल्ला आहे आणि अंधार पडल्याशिवाय पडदा दिसत नाही. संध्याकाळनंतर तिथे माणसं थांबवणं वास्तूलाही बरं नाही. हुतात्मा बाग महापालिकेची, मध्यवर्ती, बसनं येणाऱ्यालाही सोयीची, आणि उदयकालाची गोष्ट सांगायला तिच्यासारखी जागा नाही. तेव्हा पहिला खेळ इथेच. गड्ड्याच्या दिवसांत नको, गाव तिकडे असतं. फेब्रुवारीचा शेवट बरा, थंडी ओसरलेली आणि उन्हाळा अंगावर आलेला नसतो. अमावास्येच्या आसपासची तारीख धरायची. पडदा दोन्ही बाजूंनी दिसेल असा पातळ कापडाचा, ही काकांची अट. पलीकडे बसणाऱ्यांकडून या वेळी कमी पैसे घ्यायचे नाहीत, कारण पैसे कुणाकडूनच घ्यायचे नाहीत. कापड सोलापूरचंच. पाट्या मराठी, कानडी, तेलुगू आणि चौथी उर्दू. ती वाचायला मंडळातल्या एका मुलीची आई तयार आहे. पेटीवाल्या आजोबांनी होकार कळवला आहे, फक्त चित्रपट महिनाभर आधी घरी बघायला द्या म्हणाले.

खेळाआधी काका आणि त्यांचे साचाखात्यातले दोन जोडीदार पडद्यासमोर उभे राहून गिरणीतली खुणांची बोली करून दाखवणार आहेत. ही कल्पना मुलांची. काका आधी लाजले, मग त्यांनी एका जोडीदाराला फोन लावला आणि सवयीनं हातही हलवायला लागले.

महापालिकेचा अर्ज मंडळाच्या नावानं आजच जातोय. अडचण एकच राहिली आहे. पार्क चौकाकडच्या बाजूचे दिवे खेळापुरते बंद ठेवावे लागतील, आणि ती कळ कुणाच्या हातात असते ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. मी स्टेशनला निघाले तेव्हा काका बागेतल्या माळ्याला गाठून तेच विचारत होते.